पाझर तलावातला खो-खो

१२ मार्च २०१३, मंगळवार

भिवरा भेटली! माझी भिवरा! पाचवीपासून दहावीपर्यंत एका बाकावर बसलेली, एका खो-खोच्या संघात पळालेली भिवरा — आणि भेटली कुठं, तर जनावरांच्या छावणीत, वाढ्याच्या ट्रकमागं!

मी उसाच्या वाढ्याचा — हिरव्या शेंड्यांचा — भारा ओढत होते. पलीकडून कोणीतरी तोच भारा ओढायला लागलं. म्हटलं, "ओ बाई, हा आमचा हाय." तर ती म्हणते, "नाव लिवलंय का त्याच्यावर?" आवाज कानावर पडला आणि माझा हातच सुटला. ती भाऱ्यासकट मागं आपटली. पडल्या पडल्या ओरडली — "वत्सले!!"

वाढ्यातच बसून हसलो, रडलो, परत हसलो. लग्नं झाल्यापासून गाठ नाही. ती शिरूरच्या पलीकडं दिलेली, मी इकडं. दर दिवाळीनंतर ती एका कारखान्याला ऊस तोडायला, मी दुसऱ्या. माहेराला एका वेळेला कधी आलोच नाही. यंदा दुष्काळ असा की घरचं दावणीचं जनावर जगवायला माणूस मागं ठेवावं लागलं. तिचा नवरा एकटा गेला, आमचे हे पण एकटे गेले. म्हणून आम्ही दोघी इथं.

आमच्या दूध संस्थेनं काढलीय ही छावणी. कोरड्या पाझर तलावाच्या काठावर, हिरव्या जाळीच्या सावल्या टाकून. आमची म्हैस, दोन गाई, मी आणि सासूबाई — मी आत्याच म्हणते त्यांना. आले त्या दिवशी या वहीत लिहिलं होतं, या माळावर दिवस कसे निघायचे. ते खोडलं आत्ता!

१४ मार्च, गुरुवार

सकाळी डोळे उघडले तर वर छप्परच नाही. आभाळ! टिटवी ओरडत गेली. तलावाच्या पोटात सगळं तांबूस झालेलं. घरी उठले की आधी चूल दिसते आणि उसाच्या फडात उठले की पाचट. इथं उठले की लांबवर काहीच नाही, आणि ते लई बरं वाटतं. कोणाला सांगावं हे? दुष्काळात बाईला बरं वाटतंय म्हटलं तर वेडी म्हणतील.

१८ मार्च, सोमवार

शेण काढत होते. उकिडवी बसलेले. मागून पाठीत दणका — "खो!"

विचार केलाच नाही. पाय आपोआप उठले. पाटी तिथंच, हात शेणाचे, आणि मी पळते! समोर भिवरा, पदर खोचून, हसत, वाकड्या वाकड्या उड्या मारत. म्हशीच्या मागून गेली, मी पुढून आडवी आले. धरली!!

हे सगळं बायनाबाईनं बघितलं. बायनाबाई म्हणजे आमच्या शेजारच्या दावणीची. नातवंडं झालेली, अंगानं दांडगी, आवाज म्हणजे भोंगा. मला वाटलं आता गावभर करती. तर ती म्हणाली, "दोघींत काय खेळताव गं? धा-बारा जणी तर पायजेत. मी सांगते पोरींना."

पोरींना! कोणीच पोरगी नाही इथं. सगळ्या पोरीच्या आया.

१९ मार्च, मंगळवार

मांड्या भरून आल्यात. बसता येईना, उठता येईना. लई मजा आली.

२४ मार्च, रविवार

आज पहिल्यांदा पुरा संघ! तलावाच्या ज्या बाजूचा गाळ ट्रॅक्टरवाल्यांनी शेतात नेला, तिथं खाली मुरूम लागलाय. सपाट. बाकी सगळीकडं भेगा, पाय मुरगळायचा. मुरमावर आम्ही झाडू मारला, राखेची रेघ ओढली, आणि धारा काढून झाल्यावर, संस्थेच्या गाडीत दूध घातल्यावर, खेळाला उतरलो. आठ जणी ओळीनं बसलेल्या, एकीचं तोंड इकडं तर एकीचं तिकडं. पाठलाग करणारीनं बसलेलीच्या पाठीवर थाप मारून खो दिला की तिनं उठून पळायचं, तिच्या जागी दुसरीनं बसायचं. किती सोपं! आणि किती वेळा चुकतं! एकीनं खो दिला आणि स्वतः पण पळत सुटली. दोघी एकमेकींनाच धडकल्या. बायनाबाई तोंडात दोन बोटं घालून शिट्टी मारते. पंच तीच. तिच्याशी वाद घालायची कोणाची हिंमत नाही.

काठावर म्हातारी माणसं बसलेली. एक बाबा आत्यांना म्हणाले, "दगडाबाई, तुझी सून उघड्यावर नाचायली, शोभतं का हे?"

आत्या कशा आहेत मला ठाऊक आहे. डोक्यावरचा पदर बोटभर सरकला तरी बोलतात.

आत्या म्हणाल्या, "तुमची सून घरात बसून काय करती? भांडती. माझी पळती." आणि तंबाखू मळायला लागल्या.

मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पडले नाही. लाजले. पण रात्रीची भाकरी त्यांना साय घालून दिली.

२७ मार्च, बुधवार. धुळवड

रुक्मी आली! दहावीची परीक्षा संपवून, मामाच्या गावाहून, पिशवी खांद्याला. माझी पोरगी माझ्यापेक्षा उंच झालीय — दोन महिन्यांत! पाणी नाही म्हणून रंग नाही. आम्ही राखेनंच खेळलो. भिवरानं तिला बघितलं आणि म्हणाली, "ही तर तूच गं. दहावीतली."

संध्याकाळी रुक्मीला पळायला उतरवलं. सगळ्यांनी मिळून पाठलाग केला. नाही सापडली! एक-एक जणीला वळसा घालत, सापासारखी, एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत. शेवटी मी उठले. माझ्या पोरीला मी नाही धरणार? हात अगदी तिच्या वेणीजवळ गेला — ती बसलेलीच्या पलीकडं! मला बसलेल्यांची ओळ ओलांडून जाता येईना, नियम आहे. ती मागं वळून हसली. सोडून दिलं आणि मुरमावर पडून राहिले. हसू आवरेना.

२ एप्रिल, मंगळवार

आनंदाची बातमी! रुक्मीला स्थळ आलं. उमापूरचं. मुलगा शांत आहे, निर्व्यसनी आहे, बैलगाडी घरची. त्यांची माणसं इथं छावणीतच आली बघायला. रुक्मीनं माझी निळी साडी नेसली. चहा गुळाचा केला. पसंत पडली! बाकी काही नको म्हणाले, मुलगी द्या. ह्यांना फोन लावला, फडात होते. म्हणाले, "तुमाला पसंत असंल तर मला पसंत." आत्या सगळ्या दावणींना साखर वाटत फिरल्या. किती दिवसांनी चालल्या त्या एवढं!

भिवरानं साखर तोंडात घातली आणि शेणाची पाटी उचलून चालू लागली.

३ एप्रिल, बुधवार

आज खेळ नाही. भिवराशी बोलत नाही.

ती म्हणाली, "म्हंजे दिवाळीनंतर ती पण कोयत्याला, ऊस तोडायला. नवऱ्याबरोबर."

मी म्हटलं, "मग? आपण न्हाई गेलो?"

"गेलो की. म्हणून तर म्हणते."

"तुझ्या पोटी पोरगी न्हाई, तुला काय कळतंय?"

हे मी बोलायला नको होतं. भिवराला मूलच नाही. ती उठून गेली.

४ एप्रिल, गुरुवार

झोप नाही. दहावीत बीडला जिल्ह्याची स्पर्धा होती. माझं नाव संघात होतं. त्याच आठवड्यात लग्न. अप्पांवर — वडलांवर — राग नव्हता माझा. आजही नाही. चांगलं घर दिलं त्यांनी, चांगला माणूस दिला. हळद लागलेली आणि बाहेर शाळेची जीप गेली, पोरी ओरडत होत्या. तेवढं मात्र अजून ऐकू येतं.

मग माझ्या जागी कोण खेळलं, हे मी भिवराला कधी विचारलंच नाही.

६ एप्रिल, शनिवार

भिवराच आली. माझी पाटी घेतली हातातली आणि शेण भरायला लागली. मी म्हटलं, "चुकले." ती म्हणाली, "उचल तिकडून." संपलं. अशी मैत्रीण कोणाला असते का!

आणि दुपारी दूध संस्थेचे चेअरमन त्रिंबकआप्पा आले. छावणीची जनावरं मोजायला येतात तसे. बायकांना बोलवा म्हणाले. आम्ही घाबरलो. तर आप्पा टोपी काढून डोकं पुसत म्हणतात, "घाटाखाली कारखान्यानं छावणी काढलीय. तिथल्या बायका पण खो-खो खेळायल्यात. तुमचं ऐकून. तिथला चेअरमन मला म्हणतो, आमच्या बाया तुमच्यापेक्षा भारी. मी हो म्हणून येऊ का?"

बायनाबाई ओरडली, "आप्पा, तुमी बी ऐकून घेतलं?"

एक मेला सामना ठरला! महाराष्ट्र दिन! जिंकणाऱ्या संघाला पेंडीची पोती. पेंडीची! आमची म्हैस माझ्याकडं बघत होती.

११ एप्रिल, गुरुवार. पाडवा

छावणीत गुढ्या! कोणी बांबूला, कोणी जाळीच्या खांबाला. तांब्या नव्हता म्हणून भिवरानं दुधाची किटली पालथी घातली. कडुलिंब मात्र हिरवागार, एवढ्या दुष्काळात. सगळ्यांनी एका जागी पोळ्या केल्या. चार गावच्या बायका, कोणाचा गूळ, कोणाची डाळ. जेवून लिंबाखाली आडव्या पडलो. वारा. आत्यांचं डोकं बायनाबाईच्या मांडीवर — दोघी पंधरवड्यापूर्वीच पाण्यावरून भांडल्या होत्या!

पडल्या पडल्या वाटलं, देवा, हे सगळं मला कशाबद्दल दिलं? मी तर काही मागितलं नव्हतं. ही मैत्रीण, ही सासू, ही पोरगी, हा वारा. हे तिकडं ऊस तोडतात, त्याचंच वाढं ट्रकमधून इकडं येतं, आमची म्हैस खाते. कधी कधी वाढ्याचा भारा सोडताना वाटतं, हा ह्यांनीच बांधलाय.

ह्यांचा फोन आला. कारखाना बंद होतोय, आठवड्यात येतो. मग विचारलं — "खेळायलीस म्हणं तू?"

कोणी सांगितलं! मी म्हटलं, "हं." फोन कट झाला. रेंज गेली का त्यांनीच ठेवला, कळेना.

१८ एप्रिल, गुरुवार

हे आले. काळे पडलेत, हाताला भेगा. ट्रॅक्टरवरून उतरले ते सरळ म्हशीकडं गेले. तिच्या पाठीवरून हात फिरवला. मग आत्यांच्या पाया पडले. माझ्याकडं बघितलं.

"वाळली न्हाईस. बरी दिसायलीस."

बास. खेळाचा शब्द नाही. संध्याकाळी पोरी — आता मी पण पोरीच म्हणते — हाका मारायला लागल्या. मी गेले नाही. भांडी घासत बसले. भिवरा येऊन उभी राहिली, तिला डोळ्यानंच जा म्हटलं.

हे म्हणाले, "कावून बसलीस इथं, का जात न्हाईस? तिकडं एक जागा रिकामी हाय की."

मी हातातला तवा तसाच टाकून पळाले!

२० एप्रिल, शनिवार

खांब! दोन खरे खांब! आमचे खांब म्हणजे आजवर रोवलेल्या काठ्या होत्या, रोज वाकायच्या. ह्यांनी बाभळीची दोन सरळ खोडं आणली, साल काढली, घासून गुळगुळीत केली म्हणजे हाताला लागणार नाही. पहारीनं खड्डे घेतले. बाकीचे गडी पण आले मदतीला, ऊस तोडून आलेले, पाठ मोडलेले. राखेऐवजी चुना. मैदान असं दिसतंय की त्याच्यावर पाय ठेवू वाटेना.

२५ एप्रिल, गुरुवार

उमापूरच्या पाहुण्यांचा निरोप. आखितीनंतरची तारीख धरा म्हणतात. आत्या खूश. हे हो म्हणाले.

मला बोलायचंय. काय बोलू? स्थळ वाईट आहे? नाही. माणसं वाईट आहेत? नाही. मीच तर होकार दिला, साखर पण वाटून झाली. रुक्मी नुसती नखं कुरतडते. रोज संध्याकाळी मात्र पळते, आणि पळताना तिचं तोंड बघितलं की मला ती शाळेची जीप आठवते.

भिवराला सांगितलं. ती म्हणाली, "सांग त्यांला." मी म्हटलं, "सामना होऊ दे." ती म्हणाली, "वत्सले, खरा सामना कुठला?"

१ मे, बुधवार

कुठून सुरू करू!

कारखान्याच्या छावणीच्या बायका दोन टेम्पो भरून आल्या. सगळ्यांना एकसारख्या जांभळ्या साड्या! आम्ही आपल्या रंगीबेरंगी. त्रिंबकआप्पांचं तोंड पडलं. बायनाबाई म्हणाली, "साडी पळत न्हाई आप्पा, पाय पळत्यात." पंच शिरूरच्या शाळेचे सर होते, बायनाबाईला शिट्टी मिळाली नाही म्हणून ती रुसली, पण तिच्या आवाजापुढं शिट्टीचं काय चालतंय!

काठावर माणसंच माणसं. या तलावात पाणी होतं तेव्हा पण एवढी माणसं आली नसतील.

पहिला पाठलाग आमचा. भिवरानं मला खो दिला, मी उठले — आणि मग काही आठवत नाही, नुसती समोरची जांभळी पाठ. खांबाशी सूर मारला आणि तिच्या टाचेला हात लागला. गडी बाद! कोपर सोलून निघालं. एकतिसाव्या वर्षी सूर मारला मी! काठावरून आत्यांचा आवाज आला, "मरशील गं!" आणि लगेच, "आनखी एक धर!"

मग आमची पळायची पाळी. एकेक जणी बाद होत गेल्या. मी पण. त्यांची एक उंच बाई होती, हात म्हणजे आकडा. शेवटी आत राहिली रुक्मी. एकटी. वेळ उरलेला, आणि त्यांना बरोबरीला एक गडी हवा. नऊ जणी आणि माझी पोरगी.

ती पळाली. काय पळाली! एकेकीला वळसा घालत एकेरी साखळी, मग दोघी-दोघींना घालत दुहेरी, मग मधेच थांबून उलटी. त्यांच्या दोघी एका वेळी उठल्या, पंचांनी शिट्टी मारली. ती उंच बाई खांबापाशी दबा धरून बसली, रुक्मी तिच्या काखेखालून गेली! सगळी छावणी उभी. कारखान्याच्या बायका पण टाळ्या वाजवायला लागल्या. शेवटची शिट्टी वाजेपर्यंत ती कोणाला नाही सापडली. नाही सापडली!!

जिंकलो! पेंडीची पोती आमची! बायनाबाईनं त्या पंचांना उचललं. खरंच उचललं! जांभळ्या साडीची उंच बाई आली आणि रुक्मीच्या दंडाला हात लावून म्हणाली, "आता घावलीस." सगळ्या हसल्या.

मी ह्यांना शोधत होते. लांब उभे होते, म्हशीचं दावं हातात. नुसतं दावं. म्हैस केव्हाच सुटून पेंडीच्या पोत्यांकडं गेली होती, ह्यांना पत्ताच नाही. मी जवळ गेले तर म्हणाले, "पाणी दे पोरीला." आणि तोंड फिरवलं.

सांगायला हवं होतं तेव्हाच. भोवती माणसं. नाही सांगितलं.

३ मे, शुक्रवार

हे सकाळीच गेले. मी धारेला बसलेले. आत्यांनी सांगितलं — उमापूरला गेला, काळीपिवळीनं, तारखेचं बोलायला.

किटली तशीच ठेवली. पळाले. भिवरानं बघितलं, ती पण पळाली. तलाव आडवा पार केला, भेगांतून, एकदा पडले, उठले. सडकेला पोचलो तर जीप वळणावर, धूळ नुसती. ओरडले. एवढ्या मोठ्यानं जन्मात ओरडले नव्हते. गेली जीप.

सडकेच्या कडेला बसलो. भिवरानं माझा पाय मांडीवर घेऊन काटा काढला. म्हणाली, "परत आला की सांग. तारीख म्हंजे काय दगडावरची रेघ हाय का? मी बी येते संगं. बायनाबाईला बी घेऊ." मी रडले. पण मनात पक्कं झालं. आल्या आल्या सांगणार. आत्या बोलल्या तर बोलल्या. रुक्मीला जवळ घेऊन विचारलं आज, पहिल्यांदाच — तुला काय पायजे? म्हणाली, "अकरावी."

हे मुक्कामाला राहिले तिकडं. आले नाहीत अजून.

४ मे, शनिवार

आले. मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "हात जोडून न्हाई म्हणून आलो. लई बोलले ते. बोलू दे."

आत्यांच्या हातातली भाकरी हातातच.

"कावून पण?" मी विचारलं.

टोपी काढून खाली बसले. म्हणाले, "परवा बघितली ना पळताना. नऊ जणींला घावली न्हाई ती. मग आपणच कावून धरून द्यायची?"